सुदामभाऊंचा खानदानी रंग

पासपोर्ट फोटो काढायला गेलात आणि फोटोवाल्यानं आधी तुम्हाला मारून बघितलं, असं कधी झालंय का तुमच्या बाबतीत? आमच्या सुदामभाऊंच्या स्टुडिओत हे रोज व्हायचं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, हनुवटी वर केली, फ्लॅश पडला की फोटो कॉम्प्युटरवर यायचा. मग भाऊ कीबोर्डवर तीन बोटं एकदम दाबायचे. झालं! शर्टाचा रंग गेला, ओठांचा गेला, कपाळावरच्या गंधाचाही गेला. माणूस काळा-पांढरा. भाऊ मान तिरकी करून त्या चेहऱ्याकडं बघत बसायचे आणि समाधानानं म्हणायचे, "चांगले दिसाल हो भिंतीवर." मग दुसरी दोन बोटं दाबून त्याला परत जिवंत करायचे.

एक बँकेतले साहेब तर यावर चिडून उठूनच गेले. भाऊंना त्याचं काही नाही. "अरे, कधी ना कधी लागणारच ना हार घालायला? तवा घरचे रडतील का फोटो हुडकतील? आपण आधीच बघून ठिवलेलं बरं." वर मलाच विचारायचे, "यात राग येण्यासारखं काय हाय, सुरेखा?"

पुंडलिकनगरात पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा स्टुडिओ होता. मी तिथं सात वर्षं कामाला होते. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन गेले होते. भाऊंनी ते उघडूनही बघितलं नाही. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "रंग काढायला तीन बोटं, रंग भरायला तीन दिवस. ध्यानात ठेव. माणसाची अब्रू बी अशीच हाय." मी एकदम भारावले. केवढा विचारी माणूस! आठवडाभरात कळलं की 'माणसाची अब्रू बी अशीच हाय' हे ते कशाच्याही मागं लावतात. चहा ओतू गेला की, प्रिंटरमध्ये कागद अडकला की, चपलेचा अंगठा तुटला की.

भाऊ मूळचे लासूर स्टेशनकडचे. घरची शेती त्यांचे भाऊ-भावजय बघायचे, आणि हे शहरात कलाकार झाले होते. कलाकार हा शब्द त्यांचा, माझा नाही. डोळ्यावर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा, आणि तिसरा कुठं ठेवला म्हणून दिवसभर शोधाशोध.

एकदा मात्र ती तीन बोटं त्यांना भोवली. एका लग्नाच्या हळदीचे फोटो भिंतीवर कसे दिसतील ते बघता बघता भाऊंनी सगळेच्या सगळे काळे-पांढरे केले आणि परत फिरवायचे विसरून तसेच सेव्ह केले. कॅमेऱ्याचं कार्ड आधीच पुसलेलं. अल्बम छापून गेला. दुसऱ्या दिवशी नवरीची आजी स्टुडिओत हजर. तिनं अल्बम टेबलावर आपटला आणि विचारलं, "ही हळद हाय का राख हाय? माझ्या नातीला राख फासली व्हय रं तू?"

भाऊ डगमगले नाहीत. "मावशी, ह्याला क्लासिक म्हणतेत. बडे लोगां में आजकल ऐसाच चलता."

"बडे लोगांच्या तोंडाला फास मग!"

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं बसून त्या फोटोंत हळद भरत होतो. नवरीला फासली, करवल्यांना फासली. घाईघाईत मामाचा पांढरा सदराही पिवळाधमक झाला. मी दाखवलं तर भाऊ म्हणाले, "मामानं खेळली असंल की हळद. त्याची हौस आपण कशाला मारायची?" तो मामा अजूनही रस्त्यात दिसला की मला हसू आवरत नाही.

पण या भानगडीतून भाऊंना एक गोष्ट सापडली. काळ्या-पांढऱ्यात रंग भरून दिला की लोकांना फार आवडतं. झालं, त्यांनी बाहेर पाटी लावली. 'जुने काळे-पांढरे फोटो रंगीत करून मिळतील.' पाटी लागायची खोटी, लोक ट्रंकेच्या तळातून आजे-पणजे काढून घेऊन आले. वाळवीनं कडा खाल्लेले, घड्या पडलेले, पाठीमागं गोंद सुकलेले.

भाऊंनी सॉफ्टवेअरमध्ये कातडीच्या रंगाचे चार चौकोन करून ठेवले होते आणि त्यांना नावं दिली होती. पहिला 'खानदानी', दुसरा 'नोकरदार', तिसरा 'कास्तकार'. चौथ्याला नाव नव्हतं. फोटो हातात आला की भाऊ आधी विचारायचे, "आडनाव?" आणि मग माऊसनं चौकोन निवडायचे. फोटोवाल्याला आडनाव कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला माहीत होतं ना कशाला लागतं ते! तसे चारही रंग गोरेच. फरक एवढाच, की खानदानी माणसाचे गाल गुलाबी निघायचे आणि बाकीच्यांचे नुसतेच पिठूळ. दोन वर्षांत पुंडलिकनगरातल्या घराघरातले आजोबा एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायला लागले. जन्मभर उन्हात औत हाकलेली माणसं भिंतीवर अशी बसली होती, की जणू सगळे सावलीतच वाढले.

मी एकदा म्हणाले, "भाऊ, हे खोटं नाही का?"

"खरं तर आरसा बी सांगतो," भाऊ म्हणाले. "मग आपल्याकडं कोण येणार? लोक फोटोवाल्याकडं खरं बघायला येत नाय, बाई. खरं बघून बघून कटाळतेत, तवा येतेत."

आणि मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते? माझ्या स्थळासाठीचा फोटो भाऊंनीच काढला होता. मी काळी आहे. सावळी, निमगोरी, गव्हाळ असले शब्द आमच्या आईनं वापरून झाले, पण काळी ती काळीच. भाऊंनी मला माऊसला हात लावू दिला नाही. "तू सर. तुझं काम मी सोता करतो," म्हणाले आणि दुपारभर बसून मला पहिला चौकोन लावला. वर ऐकवलंही, "तुला खानदानी लावला बरं का! आपल्याकडं भेदभाव नाय." त्यांना वाटत होतं, ते माझ्यावर माया करताहेत. करतही होते, हेच तर दुखणं.

जालन्याकडचे पाहुणे बघायला आले. मुलाच्या आईनं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग आमच्या आईला अगदी साळसूदपणे विचारलं, "मोठी घरात नाही का?" पोहे खाऊन गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं तर तेच माझ्यावर उखडले. "नजर वाईट त्यांची. माझ्या फोटोत काय कमी होतं?" फोटोत काहीच कमी नव्हतं. कमी मी पडले होते. त्या दिवशी मला भाऊंचा इतका राग आला, की घरी जाताना त्यांचा तिसरा चष्मा मुद्दाम गिरणीवाल्याकडं ठेवून गेले.

आणि मग कौसाबाई आल्या.

वेरूळहून बसनं आल्या होत्या, लेकीचा हात धरून. लेक चाळिशीची, मंगल नाव. दारात येऊन आजींनी "जय भीम" म्हटलं. मीही "जय भीम, आजी" म्हणाले. भाऊ म्हणाले, "नमस्कार, नमस्कार, या." आजींनी कमरेच्या पिशवीतून फडक्याची एक घडी काढली, घडीत कागद, कागदात प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकात नखाएवढा काळा-पांढरा फोटो. त्यांच्या मालकांचा. ते वेरूळच्या लेण्यांवर मजूर होते, त्यांच्या ओळखपत्रावरचा हा फोटो. खांद्यावर अर्धा रबरी शिक्का. तेवढा एकच राहिला होता.

"डोळ्याचा पडदा खराब झालाय बाबा," आजी म्हणाल्या. "डाक्तर म्हणतो, सा म्हयने. लई तर वरीस. मग सगळा अंधार. त्याच्या आधी मला ह्यास्नी रंगात बघायचंय. तीस वर्सं झाली जाऊन, काळ्या-पांढऱ्यातच बघत आले. आता मला सपनात बी ते तसेच दिसत्यात. रंग इसरले म्या त्यांचा."

भाऊ हलले. खोटं कशाला बोलू, मीही हलले. भाऊंनी आडनाव विचारलं, थोडा विचार केला आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

आठ दिवसांनी आजी आल्या तेव्हा फोटो चांगला मोठा करून, फ्रेमही करून तयार होता. शिक्का पुसलेला, सदरा आकाशी, गाल गुलाबी. आजींनी तो डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. एका कडेनं बघितला, दुसऱ्या कडेनं बघितला.

"हा कोण पाव्हणा?"

"आजी, तुमचेच मालक!"

"आमचे न्हाईत. हे कुणी शेट-सावकार दिसतंय."

भाऊंना लागलं. "आजी, मी तुमाला खानदानी लावला! एक नंबरचा रंग हाय तो. आपण भेदभाव करत नाय, आमच्या सुरेखाला विचारा."

मला विचारलं असतं तर मी जे बोलले असते ते छापण्यासारखं नव्हतं. पण आजींनी मला विचारलंच नाही. फ्रेम टेबलावर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "मला न्हाई पाह्यजे. बाबा, त्यांचा रंग काळा. भिजल्यावर लेणीचा दगड कसा दिसतो, तसा. मला माझा माणूस दे."

दुसरा एखादा असता तर फोटो परत देऊन मोकळा झाला असता. पण भाऊ हट्टी. त्यांनी भरलेला रंग कुणी नाकारलेला नव्हता तोवर. त्यांनी काय केलं असेल? रविवारी स्टुडिओ बंद ठेवून हा माणूस मोटारसायकलवर वेरूळला गेला. बाटलीभर पाणी लेणीबाहेरच्या एका धोंड्यावर ओतलं आणि त्याचा फोटो काढून आणला. रखवालदारानं हटकलं म्हणे. भाऊंनी त्याला सांगितलं, "कलेचं काम चालू हाय." सोमवारी त्या धोंड्याचा रंग घेतला आणि आजोबांच्या तोंडाला लावला.

आजोबा आता लेणीतली मूर्ती दिसत होते. करडे, गार, डोळे तेवढे पांढरे. मला हसू फुटलं. आजी तिसऱ्यांदा बसचा प्रवास करून आल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. "हे तर दगडच झालं की रं," एवढंच म्हणाल्या. मंगलताई म्हणाली, "आये, दे सोडून. किती हेलपाटे घालशील?" आजींनी फोटो खाली ठेवला नाही. डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत म्हणाल्या, "मंगे, आता तर मला कडंकडंचंच दिसतंय. अजून कवा बघू?"

मी चहा आणला होता. कप त्यांच्या हातात देत होते, तर आजींनी कप सोडून माझं मनगट धरलं. ओढून डोळ्यांच्या कडेला नेलं. इतकं जवळ, की त्यांचा श्वास हाताला लागत होता. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा," त्या म्हणाल्या. "हा रंग. अगदी हाच."

भाऊ माझ्या हाताकडं बघत होते. सहा वर्षं तो हात त्यांच्या बाजूच्या कीबोर्डवर होता, पण त्यांनी तो आज पहिल्यांदा बघितला. मग त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढून कपाळावरचा लावला आणि म्हणाले, "सुरेखा, बस इथं. आजी, तुमी जाऊ नका. आजच करतो."

त्यांनी माझ्या हाताचा फोटो काढला. मग माझा हातच स्क्रीनला टेकवून ठेवायला लावला आणि रंग जुळवायला बसले. दर पाच मिनिटांनी एकदा रंग काढायचे, काळा-पांढरा फोटो बघायचे, परत भरायचे. काढ, भर. काढ, भर. माझ्या हाताला रग लागली. "हलू नको गं!" मध्येच ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "आयला, ह्यात तर तांबूस बी हाय. आन् इथं जरा निळसर. मला वाटायचं, काळा म्हंजे नुसता काळा." एखाद्यानं नवा मुलूख शोधावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला भरून यायला हवं होतं ना? नाही आलं. संताप आला. सहा वर्षं इथंच तर बसलेय मी, असं ओरडावंसं वाटलं. पण आजी बाकावर बसल्या होत्या, म्हणून हात हलू दिला नाही.

ऊन उतरायच्या सुमाराला प्रिंट निघाली. भाऊंनी ती स्वतः आजींच्या हातात दिली. आजींनी दाराशी जाऊन उजेडात धरली, मान वाकडी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आणि लाजल्या! सत्तरीची बाई, तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"अवो," त्या फोटोला म्हणाल्या, "आलात व्हय?"

मंगलताईनं तोंड फिरवलं. भाऊ उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत काहीतरी बघत बसले.

मी इथंच थांबले असते तर भाऊंची आरती झाली असती, आणि तेवढी त्यांची लायकी नव्हती. दुसऱ्याच दिवशी एक जण पणजोबा घेऊन आला, भाऊंनी आडनाव विचारलं आणि पणजोबांना गुलाबी गाल लावून दिले. मी डोळे वटारले तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला तसंच पाह्यजे. आजीला पाह्यजे होतं ते आजीला दिलं." चौथ्या चौकोनात मात्र त्यांनी माझ्या हाताचा रंग ठेवला होता. तो वर्षभरात कुणीही मागितला नाही.

वर्षानं आजी परत आल्या. आता डोळे पूर्ण गेले होते. मंगलताईच्या खांद्यावर हात, आणि छातीशी तीच फ्रेम. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, एक खरं सांग. फोटोचा रंग हाय तसा हाय का? मंगीला इच्यारलं तर 'हाय हाय' म्हणती. लई लवकर म्हणती. म्हणून मला भ्या वाटतंय. तू खरं सांगशील. तू पयल्यांदा गोरं केलंस ते बी तोंडावर सांगितलंस, लपवलं न्हाईस."

पुंडलिकनगरातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याकडं ही बाई खरं ऐकायला वेरूळहून आली होती.

भाऊंनी फ्रेम हातात घेतली. मीही वाकून बघितली. घरात खिडकीसमोर टांगली असणार. भाऊंची स्वस्तातली शाई, वर्षभराच्या उन्हानं पार उडाली होती. आजोबा फिकट पिवळे पडले होते. आजींनी ज्याला हाकलून दिलं तो पाहुणा उन्हानं परत आणून बसवला होता. मंगलताई आईच्या मागं उभी राहून आम्हाला हात जोडत होती.

"काळेच हायेत, आजी," भाऊ म्हणाले. आवाज अगदी साधा. "काळे कुळकुळीत. काच तेवढी धुळीनं भरलीय. पुसून देतो, बसा."

फ्रेम घेऊन ते आत गेले. जुनी फाइल काढली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी भारी कागद आणि भारी शाई आणून ठेवली होती, जिला मला बोटसुद्धा लावू देत नव्हते, तीच फोडली. प्रिंटर घरघरायला लागला.

आजींनी कान टवकारले. "हे काय वाजतंय?"

"काच पुसायचं मशीन हाय, आजी," भाऊ आतून ओरडले.

आजींनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "खरं का गं पोरी? असलं बी मशीन निघालं?"

सहा-सात वर्षं मी या माणसाच्या थापा मोजत आले होते. "हो आजी," मी म्हणाले, "मागच्या महिन्यातच आणलंय."

भाऊ बाहेर आले. फ्रेम आजींच्या मांडीवर ठेवली. आजींनी काचेवरून तळवा फिरवला आणि मला म्हणाल्या, "आता तू बघून सांग. कसे दिसत्यात?"

मी बघितलं. तांबूस होता, निळसर होता, सगळं जिथल्या तिथं होतं.

"माझ्यासारखे," मी म्हणाले.